कर्नलचा ‘आळस’ सुरक्षेला कसा महागात पडला?

एकाच प्रोसेसरवर अनेक प्रोग्रॅम आळीपाळीने चालतात. पाळी बदलताना ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, आधीच्या प्रोग्रॅमचे रजिस्टरमधले आकडे मेमरीत ठेवतो आणि पुढच्याचे भरतो. अपूर्णांकांच्या गणिताची रजिस्टर मात्र अवजड. एसएसई तंत्रासाठी ५१२ बाइट लागतात, एव्हीएक्स-५१२ची मुख्य रजिस्टरच २ केबी! मग कर्नलने युक्ती केली : जुने आकडे तिथेच ठेवायचे, त्यावर फक्त कुलूप लावायचे. नव्या प्रोग्रॅमने हात लावला, तरच अदलाबदल.

जून २०१८मध्ये यातली फट उघड झाली. इंटेलचे कोअर प्रोसेसर कुलपाला न जुमानता पुढच्या सूचना अंदाजाने चालवून बघत. निकाल नंतर रद्द होई, पण कॅशमध्ये खुणा उरत आणि त्यांवरून दुसऱ्या प्रोग्रॅमचे आकडे ओळखता येत. एईएस कूटलेखनाच्या किल्ल्या याच रजिस्टरमध्ये असतात, म्हणून धोका मोठा.

उपाय साधा : दर पाळीला सगळी रजिस्टर बदलायची. गंमत म्हणजे लिनक्सने ते २०१६मध्येच, वेगळ्याच कारणाने केले होते. आता बहुतेक प्रोग्रॅम ही रजिस्टर वापरतातच. त्यामुळे कुलूप उघडण्याचा खर्चच वाचवलेल्या वेळेहून जास्त होऊ लागला होता. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांना मात्र दुरुस्ती पाठवावी लागली.