पांढऱ्या डब्यातली काटकसर

ऐन उन्हाळ्यातला नवतपा लागला की गोंदियातल्या दुरुस्तीच्या दुकानांत कूलरच्या मोटरींशेजारी नेटचे पांढरे डबेही दिसू लागतात. तक्रार ठरलेली: "भाऊ, नेट येऊन नाही राहिलं." डबा पुष्कळदा धडधाकट असतो. मेलेला असतो तो त्याचा अडॅप्टर.

हा अडॅप्टर फोडून पाहण्यासारखा असतो. आत बोटाएवढा बोर्ड, एक छोटा ट्रान्सफॉर्मर, दोन-तीन कपॅसिटर. स्वस्त मालात बोर्डावर काही भागांच्या खुणा छापलेल्या असतात, भोकंही पाडलेली असतात, पण भाग नसतात. विजेचा धक्का पिऊन टाकणाऱ्या व्हॅरिस्टरची जागा मोकळी. लाइनमधली खरखर अडवणाऱ्या कॉइलच्या जागी तारेचे दोन तुकडे. म्हणजे आराखडा करणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. गाळलं ते नंतर, हिशेबाच्या टेबलावर.

कपॅसिटरचं गणित तर उन्हाळ्याचंच गणित आहे. त्याच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं. ढोबळ नियम असा, की तापमान छापील आकड्यापेक्षा दर १० अंशांनी कमी असेल तसं आयुष्य दुप्पट होतं. बाहेर ४५ अंश आणि बंद प्लॅस्टिकच्या आत आणखी २० धरले, तर झाले ६५. तिथे २,००० तासांचा १०५ अंशांचा कपॅसिटर ३२,००० तास टिकेल, म्हणजे साडेतीन वर्षांच्या वर. तेवढ्याच तासांचा ८५ अंशांचा ८,००० तासांत, अकरा महिन्यांत, डोकं फुगवून बसेल. वर्षभर काही ४५ अंश नसतात, त्यामुळे तो जरा जास्त चालतो. पण दोघांच्या किमतीतला फरक किरकोळ असतो, आणि लाखभर नग काढणाऱ्याला तो किरकोळ वाटत नाही.

प्रत्येक काटछाट म्हणजे लबाडी नव्हे. नेटच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात; १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. गावातला प्लॅन ५० चा असेल तर गिगाबिट पोर्टचे पैसे कशाला द्यायचे? ही काटकसर मला शहाणपणाची वाटते. तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर विकणं मात्र सरळ फसवणूक आहे. तिचा रोध जास्त, आणि लांबवरच्या कॅमेऱ्याला त्याच वायरीतून वीज दिली की ती तापते.

विजेचं म्हणाल तर फायबरने एक उपकार केला. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून आकाशातली वीज मोडेमपर्यंत पोचायची. फायबरची काच ती वाहून नेत नाही. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेतही ग्रामपंचायतीपर्यंत न्यायची ती फायबरच. आता धक्का येतो तो मुख्यतः घरच्या प्लगमधून, म्हणजे जिथला व्हॅरिस्टर गाळलेला आहे तिथूनच. धानाच्या या पट्ट्यात राईस मिलची मोठी मोटर सुरू झाली की त्या लाइनवरचे दिवे क्षणभर मंदावतात. तो हेलकावाही अडॅप्टरच सोसतो. त्यात हा डबा अनेकदा ग्राहकाने निवडलेलाच नसतो, नेटवाला कनेक्शनसोबत देतो. वाचलेला रुपया एकाचा, बंद पडलेलं नेट दुसऱ्याचं.

न दिसणारी कसर डब्याच्या मेमरीत असते. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा गाजलेला राउटर. २००५ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली तेव्हा नाव तेच, खोका तसाच. पण फ्लॅश ४ वरून २ एमबी आणि रॅम १६ वरून ८ एमबी झाली. लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही वेगळी कार्यप्रणाली बसवली. स्वतःचं सॉफ्टवेअर टाकणारे हौशी लोक खवळले, तेव्हा कंपनीने जुनीच मेमरी आणि लिनक्स देऊन डब्ल्यूआरटी५४जीएल नावाने वेगळा राउटर बाजारात आणला. पुढेही स्वस्त राउटर ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवर वर्षानुवर्षं निघत राहिले. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त सॉफ्टवेअरने २०२१ च्या २१.०२ आवृत्तीपासून ८ आणि ६४ एमबी ही किमान अट केली. त्याखालच्या डब्यांत सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मावेनात.

कपॅसिटर दुकानात बदलून मिळतो, मोकळ्या भोकांत व्हॅरिस्टरही बसतो. मेमरीची चिप मात्र कोणी बदलत बसत नाही. तेवढ्या मजुरीत नवा डबा स्वस्त पडतो.