टेबलावर पास, रुग्णाजवळ नापास?

सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर उमटते. कोणता धागा उचलायचा, हे छिद्रं पाडलेली कार्डं ठरवतात. छिद्र एक घर सरकलं, तरी नक्षी बिघडते. ग्लुकोमीटर किंवा ठरावीक वेगानं औषध देणारा इन्फ्युजन पंप यांच्या आतल्या चिपमध्येही अशीच घरं असतात.

चिपची मेमरी म्हणजे क्रमांक दिलेले खण; प्रत्येक खणात एक बाइट. चार बाइटची संख्या 0, 4, 8 अशा चारनं भाग जाणाऱ्या खणापासून ठेवणं, याला ‘अलाइनमेंट’ म्हणतात. समजा, सेन्सरकडून आलेल्या माहितीत पहिला बाइट खुणेचा आहे आणि पुढे चार-चार बाइटच्या दोन संख्या आहेत. त्या खण 1 आणि 5 पासून सुरू होतील, म्हणजे मांडणी चुकली.

‘आर्म’चा कॉर्टेक्स-एम0 हा साधा प्रोसेसर अशी संख्या वाचायला गेला, की लगेच दोष दाखवतो. कॉर्टेक्स-एम4 मात्र एकेक संख्या निमूटपणे वाचतो आणि चूक झाकली जाते.

पुढे येतो कंपायलर, म्हणजे सी भाषेतला प्रोग्राम चिपच्या आज्ञांमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर. वेगासाठी ‘ऑप्टिमायझेशन’ सुरू केलं, की तो शेजारच्या दोन संख्या एकाच आज्ञेत वाचू शकतो. या जोड-आज्ञेला एम4 वरही चारनं भाग जाणारा क्रमांकच लागतो. तो नसेल तर प्रोग्राम अडकतो किंवा उपकरण पुन्हा सुरू होतं. औषध चालू असताना असं होणं परवडणारं नाही.

दोष कंपायलरचा नसतो. बाइटच्या पत्त्याला मोठ्या संख्येचा पत्ता म्हणून वापरताना मांडणी बरोबर ठेवण्याची जबाबदारी सी भाषा प्रोग्रामरवर टाकते. ऑप्टिमायझेशन बंद केल्यानं चूक जात नाही, फक्त लपते. खरा उपाय सोपा आहे: आलेले बाइट ‘मेमकॉपी’नं योग्य जागी उतरवून मगच संख्या वाचावी आणि कंपायलरचे इशारे दुर्लक्षू नयेत.

वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी 2006 पासून ‘आयईसी 62304’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे; त्यात पडताळणीवर भर आहे. एम्बेडेड प्रोजेक्ट करणाऱ्या आपल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनीही एक सवय लावून घ्यावी: जो प्रोग्राम उपकरणात जाणार, नेमका तोच, त्याच चिपवर तपासावा.