मोजपट्टी तीच हवी : जुन्या आणि नव्या संगणकाचा वेग कसा मोजायचा?



लांबी मोजायला शिकवताना आपण सगळेच एक खेळ घेतो. मुलांना वितीने बाक मोजायला सांगतो. कुणाचं उत्तर सात वीत येतं, कुणाचं नऊ. बाक तोच, वीत वेगळी. मग मुलंच म्हणतात, "बाई, पट्टी घेऊ या." हाच धडा मला गेल्या वर्षी शाळेच्या संगणक कक्षात नव्याने शिकावा लागला. तोच आज सांगते.

आमच्या शाळेत पाच जुने संगणक आहेत, विंडोज एक्सपीवाले. देणगीतून एक नवा संगणक आला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय निघाला, की जुने आता भंगारात द्यायचे का? "फार स्लो आहेत" असं सगळेच म्हणत होते. पण किती स्लो, हे कुणालाच सांगता येईना. मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार शिकले आहे. म्हटलं, मोजूनच बघू.

बेंचमार्क म्हणजे काय?

सगळ्या संगणकांना एकच ठरावीक काम द्यायचं आणि किती वेळ लागतो ते मोजायचं. अशा चाचणीला बेंचमार्क म्हणतात. मी काम दिलं ते असं : १ ते ५० लाख या संख्यांपैकी किती संख्यांना ७ ने पूर्ण भाग जातो ते मोज. उत्तर ७,१४,२८५ यायला हवं. मुलांना पन्नास लाख भागिले सात करायला लावा, तेवढाच भागाकार येईल. उत्तर आधी माहीत असलेलं बरं, कारण चुकीचं उत्तर झटपट देणाऱ्या संगणकाला आपण हुशार म्हणत नाही.

पहिली अडचण : घड्याळच सापडेना

नव्या संगणकावर प्रोग्रॅम छान चालला. जुन्यावर एका ओळीत बंद पडला. त्यावर पायथन २.७ होतं. "मग नवं टाका की," असं तुम्ही म्हणाल. पण ते जमत नाही. पायथन ३.५ पासून पुढच्या आवृत्त्या एक्सपीवर बसत नाहीत आणि ३.९ पासून पुढच्या विंडोज ७ वरही बसत नाहीत. जुना संगणक जुन्या आवृत्तीला असा बांधलेला असतो.

बंद पडण्याचं कारण होतं घड्याळ. वेळ मोजायला मी 'परफ काउंटर' वापरला होता. तो पायथनमध्ये ३.३ या आवृत्तीपासून आला, २.७ ला तो माहीतच नाही. मग मी जुनं 'क्लॉक' वापरलं. आता जुना संगणक चालला आणि नवा अडला! कारण ३.८ मध्ये 'क्लॉक' काढून टाकलं आहे.

या 'क्लॉक'ची आणखी एक गंमत बघा. विंडोजवर ते भिंतीवरच्या घड्याळासारखं सगळा वेळ मोजायचं. लिनक्सवर मात्र प्रोसेसर प्रत्यक्ष कामात होता तेवढाच वेळ मोजायचं. म्हणजे मूल गणित सोडवताना मध्येच पाणी प्यायला उठलं, तर तो वेळ एका ठिकाणी धरला जाणार आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. नाव एकच, पण माप वेगळं.

उपाय सोपा निघाला. पायथनसोबतच 'टाइमइट' नावाची सोय येते. तिच्यातला 'डिफॉल्ट टायमर' जुन्यातही आहे आणि नव्यातही. आवृत्ती कोणती आहे त्याप्रमाणे योग्य घड्याळ तोच निवडतो. विंडोजवर तर दोन्ही घड्याळांच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे, त्यामुळे तुलना खरी ठरते.

निकाल छापायलाही मी साधी पद्धत ठेवली. 'एफ-स्ट्रिंग' ही सुटसुटीत पद्धत ३.६ मध्ये आली, जुन्या पायथनला ती वाचताच येत नाही.

दुसरी अडचण : काम तेच दिसतं, पण तेच नसतं

आता प्रोग्रॅम दोन्हीकडे चालला. जुन्या संगणकाने इतका वेळ घेतला, की मी निकालाचा कागद समितीला द्यायलाच निघाले होते. बरं झालं, थांबले.

प्रोग्रॅममध्ये 'रेंज' वापरून मी संख्या मोजत होते. पायथन ३ मध्ये 'रेंज' एकेक संख्या लागेल तशी देतो. पायथन २ मध्ये तो आधी सगळ्याच्या सगळ्या ५० लाख संख्यांची यादी मेमरीत तयार करतो आणि मग कामाला लागतो. एका मुलाला तोंडी पाढा विचारायचा आणि दुसऱ्याला आधी पूर्ण वही लिहून काढ म्हणायचं, असं झालं हे. आमच्या संगणकांची मेमरी आधीच तुटपुंजी. बिचारे यादीखालीच दबले!

ही चूक पहिल्यापेक्षा घातक आहे, कारण प्रोग्रॅम बंद पडला तर निदान कळतं तरी. इथे तो चालतो, उत्तरही बरोबर देतो, फक्त तुलना खोटी असते.

भागाकाराचंही असंच आहे. ७ भागिले २ केलं तर पायथन २ उत्तर देतं ३ आणि पायथन ३ देतं ३.५. फक्त पूर्ण भाग हवा असेल तर दोन तिरप्या रेघांचं चिन्ह वापरायचं. ते दोन्हीकडे ३ च देतं.

मी 'रेंज' काढून साधा 'व्हाइल' लूप लिहिला, म्हणजे दर वेळी एक मिळवायचा आणि तपासायचं. पुन्हा मोजलं. जुने संगणक हळूच निघाले, पण आधी वाटले होते तितके नाहीत.

तिसरी अडचण : एका वेळी दोन गोष्टी बदलल्या

संगणकही वेगळा आणि पायथनही वेगळं, तर फरक नेमका कशामुळे? एका कुंडीला पाणी आणि ऊन दोन्ही कमी दिलं, तर रोप कशामुळे सुकलं ते सांगता येत नाही. म्हणून मी दोन्हीकडे पायथन ३.४ टाकलं. एक्सपीवर चालणारी ती शेवटची आवृत्ती, आणि आमच्या नव्या संगणकावरही ती चालली. हा झाला संगणकांमधला फरक. मग एकाच जुन्या संगणकावर २.७ आणि ३.४ चालवून बघितलं. तो झाला आवृत्त्यांमधला फरक. एकच प्रोग्रॅम दोन्ही आवृत्त्यांवर चालतो, म्हणूनच हे जमलं.

मोठ्यांनाही हेच करावं लागतं

पायथन घडवणारे लोकही वेग मोजायला 'पायपरफॉर्मन्स' नावाचा चाचणीसंच वापरतात. पायथन ३.११ हे ३.१० पेक्षा सरासरी १.२५ पट वेगवान आहे, असं त्यांनी २०२२ मध्ये जाहीर केलं. दोन्ही आवृत्त्यांनी एकच परीक्षा दिली, म्हणून त्या आकड्याला अर्थ आहे.

पण जुन्याला किती काळ सांभाळायचं? या संचाला बाहेरच्या लायब्ररी लागतात. त्यांच्या जुन्या आवृत्त्या धरून ठेवल्या तर नवं पायथन अडतं आणि नव्या घेतल्या तर जुनं. शेवटी २०१९च्या अखेरीस त्यांनी २.७ ची साथ सोडली. खुद्द २.७ चा सांभाळही १ जानेवारी २०२० ला संपला. मात्र त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे. चाचण्या बदलल्या की संचाचा क्रमांक बदलायचा आणि दोन वेगळ्या संचांचे निकाल शेजारी ठेवायचे नाहीत.

आपल्या क्षेत्रातलं उदाहरण म्हणजे 'असर'. २००५ पासून त्यात वाचनाच्या पायऱ्या त्याच आहेत : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. म्हणून तर मुलं पुढे गेली की मागे, हे वर्षानुवर्षं बोलता येतं.

लक्षात ठेवायच्या चार गोष्टी

१. मोजण्याचं काम सगळीकडे अगदी एकच ठेवा. आवृत्तीप्रमाणे बदल करावाच लागला तर घड्याळापुरता करा.
२. वेळ बघण्याआधी उत्तर बरोबर आलं का ते बघा.
३. एका वेळी एकच गोष्ट बदला.
४. चाचणी बदललीच, तर तिला नवा क्रमांक द्या, जुनी जपून ठेवा आणि सगळ्यांना नव्याने मोजा.

आमच्या समितीने पाचही संगणक ठेवले. आता त्यांवर इंटरनेट जोडलेलं नाही, पण तिसरी-चौथीची मुलं मराठी टंकलेखन आणि गणिताचे खेळ आरामात करतात. माझा पहिला कागद मी तसाच बैठकीत दिला असता, तर ते केव्हाच भंगारात गेले असते.

आणि खरं सांगू? तेव्हापासून घटक चाचणीचे गुण बघतानाही मी थांबते. मागच्या वेळेपेक्षा गुण कमी आले, तर मूल मागे पडलं की मीच पेपर बदलला, हे आधी तपासते. तुम्हीही बघा.