कूलंटवर ‘वीज वाहत नाही’ लिहिलंय? तरी आधी गळती तपासा!

लग्नसराईत व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्यांचे कॉम्प्युटर दिवसरात्र तापतात. पंख्यावर भागत नाही म्हणून काही जण पाण्यावरचं कूलिंग बसवतात. प्रोसेसरवर तांब्याचा ब्लॉक, त्यातून फिरणारं पाणी, छोटा पंप आणि रेडिएटर. ट्रॅक्टरच्या इंजिनासारखंच. फरक एवढाच, की इथं नळीखालीच वीज चालू असलेला मदरबोर्ड असतो. चुकीच्या जागी थेंब पडला तर मशिन जळतं, हप्ते मात्र चालूच राहतात.

म्हणून दुकानात ‘नॉन-कंडक्टिव्ह’, म्हणजे वीज न वाहणारं कूलंट मागितलं जातं. पण या शब्दावर किती विसंबायचं?

शुद्ध पाण्यातून वीज जवळपास वाहतच नाही. ती वाहते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. त्यामुळे बोअरचं पाणी कधीच घालू नये. क्षार साचून ब्लॉकच्या बारीक खाचा बुजतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. सीलबंद डिस्टिल्ड वॉटर चांगलं, पण त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध लागतं. तयार कूलंटमध्ये ते आधीच घातलेलं असतं.

खरी गोम पुढे आहे. बाटलीतलं कूलंट कितीही शुद्ध असो, नळ्यांतून फिरताना त्यात धातूचा अंश उतरतो. गळालंच तर बोर्डवरची धूळही त्यात मिसळते. मग तेच कूलंट वीज वाहू लागतं. म्हणजे लेबल बघून निर्धास्त राहता येत नाही.

‘डीपीतलं तेल वीज वाहू देत नाही, तेच घातलं तर?’ असंही कोणाच्या मनात येईल. घालू नये. ते पाण्याएवढी उष्णता वाहून नेत नाही, आणि तेलाने काही प्रकारचे रबरी सील फुगतात.

घेताना आणि भरताना हे बघा:

• ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटर ॲल्युमिनियमचा नको. दोन्ही एकत्र आले की गंज धरतो.
• चमकी असलेलं रंगीत कूलंट टाळा, त्यातले कण खाली बसतात.
• भरल्यावर फक्त पंपाला वीज द्या, बाकी मशिन बंद. जोडांखाली टिश्यू पेपर ठेवून २४ तास बघा.
• साधारण वर्षाने कूलंट बदला.
• कंपनीचं सीलबंद युनिट खोलू नका.
• अनेक कूलंटमध्ये विषारी ग्लायकॉल असतं, चवीला गोड. बाटली लेकरं आणि जनावरांपासून लांब ठेवा.

गळती दिसली तर आधी मेन स्विच बंद करा. बोर्ड पूर्ण सुकल्याशिवाय मशिन चालू करू नका.

चांगल्या एअर कूलरवर काम भागत असेल तर तोच बरा, त्यात गळायला पाणीच नाही. आणि शूटिंगची दुसरी कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवाच. मशिन दुसरं घेता येईल, पण कुणाचं लग्न पुन्हा शूट करता येत नाही.