गोल ठिपका, वाकडा ठिपका

गालाच्या आतल्या पेशी कधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यात का? शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंना सांगून नक्की बघा. स्वच्छ काडीनं गाल आतून हळूच खरवडायचा, काडी काचपट्टीवर फिरवायची, वर मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा आणि डोळा लावायचा. आधी सगळं धूसर दिसतं. मग स्क्रू सावकाश फिरवला की फिकट निळ्या, चपट्या, कडेला जरा दुमडलेल्या पेशी समोर येतात. आणि प्रत्येकीत एक गडद निळा ठिपका! हेच केंद्रक.

माणसाच्या पेशीतलं केंद्रक साधारण ६ मायक्रोमीटर रुंद असतं, म्हणजे एका मिलिमीटरच्या रांगेत दीडशेहून जास्त केंद्रकं सहज मावतील. पण त्याच्या पोटात काय भरलंय ठाऊक आहे? तब्बल २ मीटर लांबीचा डीएनए! समजा, केंद्रक फुगवून रबरी चेंडूएवढं केलं, तर आतला धागा होईल २० किलोमीटर लांब. हा धागा ४६ तुकड्यांत, म्हणजे गुणसूत्रांत, नीट गुंडाळून ठेवलेला असतो. बाहेरून दुहेरी आवरण, आणि आवरणाला आतून आधार देणारी लॅमिन नावाच्या प्रथिनांची जाळी. म्हणून तर ठिपका असा छान गोल दिसतो.

कर्करोगाच्या पेशीत मात्र ही घडी विस्कटते. पेशी घाईघाईनं दुभंगत राहतात, गुणसूत्रांची वाटणी चुकते. एकीकडे जास्त जातात, दुसरीकडे कमी. जास्त डीएनए कोंबलेलं केंद्रक फुगतं आणि रंग जास्त शोषून काळपट दिसतं. आधाराची जाळीही अनेकदा बिघडते, मग कडेला सुरकुत्या, खाचा, फुगवटे येतात. केंद्रकाच्या आत केंद्रिका नावाचा आणखी एक बारीक ठिपका असतो. प्रथिनं बनवणारी यंत्रं, म्हणजे रायबोसोम, तिथे तयार होतात. वाढीची घाई झालेल्या पेशीला अशी यंत्रं खूप लागतात, म्हणून केंद्रिकाही मोठी होते. कधी तर वाट चुकलेल्या एखाद्या गुणसूत्राभोवती वेगळंच आवरण तयार होतं आणि मोठ्या केंद्रकाशेजारी एक पिटुकलं केंद्रक दिसतं!

हे ठिपके वर्षानुवर्षं न्याहाळणारा एक माणूस होता, जॉर्ज पापानिकोलाऊ. जन्म १८८३ चा, ग्रीसमधल्या किमी गावचा. १९१३ मध्ये तो आणि त्याची बायको आंद्रोमाखी न्यूयॉर्कला आले, तेव्हा हातात पैसे जेमतेम. दुकानात तो गालिचे विकायचा, ती बटणं शिवायची. पुढे त्याला प्रयोगशाळेत काम मिळालं आणि आंद्रोमाखीही त्याच्या जोडीला आली. तपासण्यासाठी तिनं स्वतःच्या पेशीसुद्धा वर्षानुवर्षं दिल्या. गर्भाशयाच्या मुखाजवळून आलेल्या पेशी पाहता पाहता जॉर्जच्या लक्षात आलं, की काहींची केंद्रकं मोठी, काळपट, वेडीवाकडी आहेत. तो कर्करोग होता! १९२८ मध्ये त्यानं हे सांगितलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्यानं काम सोडलं नाही. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउट या डॉक्टरांबरोबर त्यानं भक्कम पुराव्यानिशी लेख लिहिला, आणि मग जगानं ऐकलं. हीच ती ‘पॅप’ तपासणी. काहीही दुखत-खुपत नसताना, कर्करोग होण्याच्याही आधी बिघडलेली पेशी तिच्यामुळे सापडते. जिथे ही तपासणी घरोघरच्या बायकांपर्यंत पोहोचली, तिथे या कर्करोगानं होणारे मृत्यू खूप कमी झाले.

पण थांबा! वाकडं केंद्रक दिसलं की लगेच कर्करोग, असं मुळीच नाही. जखम भरताना पेशींची केंद्रकं फुगतात. यकृताच्या काही निरोगी पेशींत दोन-दोन केंद्रकं असतात. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचं केंद्रक तर तीन-चार गाठी मारल्यासारखंच असतं, आणि तेच त्यांचं बरोबर रूप! म्हणून पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर एका ठिपक्यावर निकाल देत नाहीत. पेशी कुठली, शेजारणी कशा आहेत, आकार किती, कड कशी, हे सगळं ताडून बघतात.

आपण जर्नलमध्ये पेशीची आकृती काढतो, तेव्हा केंद्रक म्हणून पेन्सिलीनं एक गोळा गिरवून मोकळे होतो. पुढच्या वेळी तसं करू नका. आधी त्याची कड बघा, शेजारच्या पेशीतलं केंद्रक बघा, आणि जसं दिसेल तसंच काढा. असं नीट बघण्यातूनच कितीतरी माणसं वाचली आहेत.