भंगारातल्या सायकलीचे घरचे कोळपे

पेरणी साधली, उगवण चांगली झाली, पंधरा-वीस दिवसांत सोयाबीन वीतभर झाले. मग पाऊस उघडतो. दोन दिवस ऊन पडते, रान वाफशावर येते आणि साऱ्या गावाला एकाच दिवशी औत पाहिजे असते. गावात बैलजोड्या राहिल्यात किती, हे तुम्हाला सांगायला नको. ज्याची जोडी, त्याचे रान आधी. दोन-तीन एकरवाल्याचा नंबर येईपर्यंत आभाळ पुन्हा भरून येते, वाफसा जातो आणि तण गुडघ्याला लागते. तिथून पुढे फक्त खुरपे. बायांची मजुरी देऊन देऊन पीक हाती येण्याआधीच निम्मा पैसा संपलेला असतो.

कोळपणीत खरी किंमत दिवसाला असते. वाफशाचे तीन-चार दिवस ज्याच्या हातात अवजार आहे, त्याचे रान स्वच्छ राहते. म्हणून एका माणसाने ढकलायचे, घरचे, केव्हाही काढता येईल असे कोळपे दारात असावे. ते बनवण्याचे सामान बहुतेक घरांच्या मागच्या भिंतीला टेकून गंजत पडलेले आहे: पोरांची मोडकी सायकल.

गिअरच्या सायकली भंगारात का जातात?

गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांत जाड टायरच्या, गिअरच्या सायकली आल्या. पोरांना हौस असते, पण आपल्या काळ्या मातीपुढे ती टिकत नाही. या सायकलीचा गिअर मागच्या चाकाजवळ बाहेर लोंबत असतो. त्यात चिखल, पाचटाचे तुकडे, गवताचे धागे अडकतात, चेन उतरते, गिअरचा हात वाकून तारांत जातो. युरोपात पावसापाण्याच्या वापरासाठी गिअर हबच्या पोटात बंद असलेल्या सायकली फार जुन्या आहेत. इंग्लंडात नॉटिंगहॅमला १९०२ सालापासून तीन गिअरचा असा हब निघाला. त्याला चिखल लागत नाही. पण आपल्या तालुक्याच्या बाजारात येतात त्या बाहेरच्या गिअरच्याच. दोन पावसाळे झाले की सायकल कोपऱ्यात जाते. गिअर गेला तरी लोखंडी सांगाडा मात्र ठणठणीत असतो, आणि आपल्याला सांगाडाच पाहिजे.

सायकल निवडताना तीन गोष्टी बघा

पहिली गोष्ट, सांगाड्याला चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, आणि ते गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जोडता येत नाही. ती सायकल सोडून द्या.

दुसरी, मधे स्प्रिंग किंवा शॉकअप असलेला सांगाडा घेऊ नका. कोळपे ढकलताना तो खालीवर डुलतो आणि पास एका ठिकाणी खोल, एका ठिकाणी वर असे चालते. शॉकअप नुसते पुढच्या चिमट्यात असेल तर हरकत नाही, कारण तो चिमटा आपण कापणारच आहोत.

तिसरी, मागचे चाक डुगडुगत नसावे. दोन-चार तारा तुटलेल्या चालतील, त्या सायकलवाल्याकडून बसवून घ्या. छर्रे बदलून हबमध्ये ग्रीस भरून घ्या. कोळप्याला वेग नसतो, पण भार असतो.

साधी काळी दणकट सायकलही चालते. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या सायकलींचे सांगाडेही वापरता येतात, पण त्यात वरचा आडवा नळ नसतो. तिथे एक नळ जोडून घ्यावा, म्हणजे मुठीकडून जोर लावल्यावर सांगाडा पिळत नाही.

सायकल उलटी धरायची

बरेच जण पुढचे चाक ठेवतात आणि मागचा भाग कापतात. मग पुढचा चिमटा इकडेतिकडे वळतो आणि कोळपे ओळीत चालत नाही. त्यापेक्षा सायकल उलटी वापरा. मागचे चाक पुढे आणि हँडल आपल्याकडे. मागचे चाक सांगाड्यात पक्के बसलेले असते, ते वळत नाही. हँडलची उंची आपोआप कमरेला येते. आणि जिथे पायडल असतात तो जाड नळ चाकाच्या मागे, जमिनीपासून साधारण एक फुटावर असतो. पास बसवायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही.

आता काम क्रमाने करा.

१. चेन, पायडल, गिअरचे सामान, ब्रेक, मडगार्ड, सीट सगळे काढून टाका. मागचे चाक तेवढे ठेवा.

२. पुढचे चाक काढा. चिमट्याचे दोन्ही पाय वरच्या जोडापासून बोटभर ठेवून कापून टाका, नाहीतर ते चालताना नडगीला लागतात. उरलेला जोड मानेच्या जाड नळाला दोन ठिकाणी वेल्डिंगने टाचून घ्या. आता हँडल वळणार नाही.

३. सरळ हँडल असेल तर तसेच राहू द्या. साध्या सायकलीचे हँडल सीटकडे वळलेले असते. ते टाचण्यापूर्वी अर्धा फेरा फिरवून मुठी आपल्याकडे करून घ्या.

४. पायडलच्या नळाखाली एक चौकोनी पोकळ तुकडा, साधारण चार इंच लांबीचा, उभा वेल्ड करा. त्यात सरकेल अशी जाड पट्टी किंवा चौकोनी सळई हा झाला दांडा. दांड्याला दर इंचावर भोक पाडा आणि नटबोल्टने आवळा. भोक बदलले की पासाची खोली बदलते.

५. दांड्याचे खालचे टोक पुढे वाकवून त्यावर पास बसवा.

वेल्डरला दोन गोष्टी बजावून सांगा. सायकलीचे नळ पातळ असतात, जाड रॉड आणि जास्त करंट लावला की भोक पडते. अडीच मि.मी.चा रॉड आणि कमी करंट पाहिजे. आणि शक्यतो नळाच्या मध्यावर वेल्डिंग करूच नका. पायडलचा नळ आणि मानेचा नळ जाड असतात, जोड तिथेच द्या. मध्ये काही बांधायचे झाले तर यू-क्लॅम्प लावा. जोडाच्या जागेचा रंग आधी घासून काढायला विसरू नका.

दुसऱ्या सायकलीचे चाक बसवणार असाल तर एक लक्षात ठेवा. गिअरच्या सायकलीचा मागचा चिमटा रुंद असतो, साधारण १३० ते १३५ मि.मी. साधा हब त्यापेक्षा अरुंद. नट आवळून आवळून चिमटा ओढून घेऊ नका, एक्सल वाकतो. दोन्ही बाजूंना वायसर किंवा पाइपचे तुकडे सारखे घालून जागा भरून काढा.

दोरीची परीक्षा

काम झाले की घरी आणण्याआधी एक परीक्षा घ्या, फक्त दोरी लागते. चाक बसते त्या एका खाचेला दोरी बांधा, ती ताणून मानेच्या नळाला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत आणा. आता सीटच्या नळापासून दोन्हीकडच्या दोऱ्यांचे अंतर मोजा. दोन्ही अंतरे सारखी भरली तर सांगाडा सरळ आहे. एका बाजूला जास्त भरले तर चाक एकीकडे आणि पास दुसरीकडे चालेल, म्हणजे दर दहा पावलांवर रोप कापणार. लोखंड वाकते तसे सरळही होते, दुकानातच सरळ करून घ्या. शेतात गेल्यावर इलाज नसतो.

पास कसा असावा?

पासासाठी जुन्या जीपच्या किंवा ट्रॉलीच्या स्प्रिंगचा पाटा चांगला, धार टिकते. पण पाटा वेल्ड करू नका. तापवल्यावर त्याचे पाणी उतरते आणि जोडाजवळ तडकतो. त्याला भोके पाडून दोन नटबोल्टने बसवा. झिजला की बदलताही येतो.

रुंदीचा मोह करू नका. माणसाची ताकद ती किती! भारी काळ्या रानात सहा इंच, हलक्या-मध्यम रानात फार तर नऊ इंच. पासाचा जमिनीशी कोन थोडाच असावा, साधारण पंधरा ते वीस अंश. कोन जास्त झाला तर पास खाली घुसतो आणि कोळपे अडते. कमी झाला तर नुसता वरून घसरतो. रोज सकाळी कानशीने धार लावा. निम्मा जोर धारेनेच वाचतो.

टायरमध्ये हवा भरून ठेवली तर बाभळीचा काटा आहेच. ट्यूबऐवजी टायरच्या मापाचा जुना रबरी पाइप गोल करून बसवता येतो, मग पंक्चरची कटकट नाही.

एक एकराचा हिशेब

आता कोणी म्हणेल, याने किती काम होते? हिशेब कागदावर करून बघा. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सें.मी. अंतर असेल तर एकरातल्या सगळ्या ओळींची लांबी होते जवळजवळ नऊ किलोमीटर. कोळपे पुढे ढकलत, थोडे मागे घेत तासाला एक किलोमीटर धरले, तर एकराला नऊ तास लागतात. म्हणजे घरचा एक माणूस सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन दिवसांत एक एकर काढू शकतो. हरभरा ३० सें.मी.वर असेल तर लांबी साडेतेरा किलोमीटरवर जाते. कापसात ९० सें.मी.चे अंतर असले तरी एका पट्ट्यात दोन फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून तिथेही नऊ किलोमीटरच धरा.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे: नऊ इंचाचा पास ४५ सें.मी.च्या पट्ट्यातला निम्माच भाग कापतो. झाडाजवळचे तण खुरप्यानेच काढावे लागेल. मजुरी पूर्ण वाचत नाही, बरीच कमी होते. तुमच्या गावच्या रोजाच्या दराने एका खुरपणीचा खर्च काढा, त्यासमोर सायकलीचा भंगाराचा भाव आणि वेल्डिंगचा खर्च मांडा. आकडा तुमचा तुम्हालाच दिसेल.

केव्हा चालवायचे, केव्हा नाही

तण दोन ते चार पानांवर असतानाच कोळपा. खोली एक इंचाच्या आसपास पुरे. खोल गेले तर पिकाच्या मुळ्या तुटतात आणि खालचे तणाचे बी वर येऊन उगवते. सोयाबीनला पहिली कोळपणी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी आणि दुसरी ३० ते ३५ दिवसांनी, फुलोऱ्याच्या आत. फुलोऱ्यात रानात कोळपे घालू नका. भुईमुगाला आऱ्या सुटू लागल्या की थांबा. कापूस पहिले दोन महिने तणमुक्त राहिला पाहिजे.

सकाळी ऊन बघून काम धरा. उपटलेले तण दिवसभर वाळले पाहिजे, नाहीतर ओल्या मातीत पायाखाली दाबले जाऊन पुन्हा मूळ धरते. हरळी, लव्हाळा, कुंदा यांना या कोळप्याचा उपयोग नाही. त्यांचे गड्डे आणि कांड्या जमिनीत राहतात आणि आठ दिवसांत पुन्हा डोके वर काढतात. रान टणक झाले असेल किंवा तण गुडघ्याएवढे झाले असेल तर उगाच झटू नका. भारी रानात चाकाच्या एक्सलला दोर बांधून दुसऱ्या माणसाने पुढून ओढले की काम हलके होते.

तण नसले तरी कोळपणी वाया जात नाही बरं का! कोरडवाहू भागात म्हणतातच, एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी. वरचा थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही. पावसाने ताण दिला तर आठ-दहा दिवस पीक याच ओलीवर तग धरते.

ग्रामपंचायतीला आणि बचत गटांना

अनुदान तपासणी झालेल्या अवजारांना मिळते, घरी बनवलेल्याला नाही. ज्यांना तयार कोळपे घ्यायचे आहे त्यांनी भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने विकसित केलेल्या दोन चाकांच्या कोळप्याची माहिती कृषी विभागाकडे विचारावी. पण सरपंच, ग्रामसेवक आणि बचत गटांनी मनावर घेतले तर अनुदानाची वाट बघायची गरज नाही. गावात वापरात नसलेल्या दहा सायकली गोळा होणे अवघड नाही. उन्हाळ्यात वेल्डरला काम कमी असते, तेव्हा एकदम चार-पाच कोळपी करून घेतली तर मजुरी कमी पडते. सहा आणि नऊ इंचांचे पास, एक कानस आणि पाना सोबत ठेवून ती अल्पशा भाड्याने देता येतील. आळीपाळीची यादी मात्र पेरणीच्या तारखेप्रमाणे लावा. ज्याची पेरणी आधी, त्याला कोळपे आधी. असे केले तर ज्याच्याकडे बैलजोडी नाही, त्याचाही वाफसा साधेल.

मृग निघण्याआधी एवढे काम उरकून घ्या. पाऊस पडल्यावर वेल्डरच्या दुकानासमोर तिफणी आणि वखरांची रांग असते, आणि तेव्हा सायकल घेऊन गेलात तर तो तुम्हाला पेरणी झाल्यावरच बोलावणार.