पन्नास वड्या साबण आणि जर्मनीतला भाचा

आपल्या गटांत साबण, उटणं, केसांचं तेल बनतं, आणि कुणाचा तरी भाचा किंवा पुतण्या आता परदेशी कामाला असतो. मग विचार येतो, तिकडं घरगुती मालाला भाव आहे, त्याच्याबरोबर दोन खोकी पाठवू का? आज त्याबद्दलच बोलू.

समजा, भाच्यानं पन्नास वड्या जर्मनीला नेल्या आणि ओळखीत विकल्या. युरोपीय संघाच्या कायद्यानं तो आयातदार झाला, आणि त्या मालाची ‘जबाबदार व्यक्ती’सुद्धा. कुणाच्या अंगावर पुरळ उठलं तर विचारणा आपल्या गटाकडं नाही, त्याच्याकडं होणार. हा 2009 सालचा 1223 क्रमांकाचा कायदा, 11 जुलै 2013 पासून पूर्ण लागू झालेला. संघातल्या सगळ्या 27 देशांत तोच चालतो. प्रत्येक मालामागं युरोपातली एक जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी हवी आणि तिचं नाव-पत्ता वेष्टनावर हवा. भाच्याला हे आधी सांगा, मग खोकी बांधा.

त्या व्यक्तीकडं प्रत्येक मालाची फाईल लागते. काय किती घातलं, कसं बनवलं, कोणत्या चाचण्या झाल्या, आणि औषधशास्त्र, विषशास्त्र किंवा वैद्यक शिकलेल्या तज्ज्ञाचा सुरक्षितता अहवाल. शेवटची बॅच बाजारात गेल्यावरही ही फाईल 10 वर्षं जपायची. खरा खर्च या अहवालाचा आणि चाचण्यांचा असतो. युरोप मंजुरीचं सर्टिफिकेट देत नाही. विक्रीआधी जबाबदार व्यक्तीनं सरकारी पोर्टलवर मालाची नोंद करायची असते, ती फुकट आहे. सीई शिक्का खेळण्यांना, विजेच्या वस्तूंना असतो, साबणाला नाही. तेव्हा ‘युरोपचा सीई शिक्का काढून देतो, एवढे पैसे भरा’ म्हणणारा दारात आला तर चहा पाजा, पैसे देऊ नका.

‘आमचं तर सगळं नैसर्गिक आहे’ हे उत्तर तिथं चालत नाही, आणि आम्हाला विचाराल तर चालूही नये. बालाघाटच्या डोंगरातल्या आपल्या सिताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. गर काढला की बियांचा ढीग उरतो, आणि त्यांची पूड उवांसाठी डोक्याला लावायची रीत जुनी आहे. पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. शिवाय ‘उवा मारते’, ‘इसब बरा करते’ असं वेष्टनावर लिहिलं की तो माल सौंदर्यप्रसाधन राहत नाही, त्याला दुसरेच कायदे लागतात. सुरम्याचा काळा दगड बहुधा शिशाचा असतो, आणि शिशाला तिथं बंदी आहे. अंगावर काढायच्या काळ्या मेंदीत पीपीडी रंग मिसळायलाही बंदी आहे.

वेष्टनावर घटकांची नावं सगळ्या देशांत सारखी, ठरलेली लिहितात. खोबरेल तेलाचा साबण केला तर तिथं ‘सोडियम कोकोएट’ लिहिता येतं. वजन, बॅच नंबर आणि भारतात बनल्याचा उल्लेखही हवा. माल तीस महिन्यांपेक्षा जास्त टिकणारा असेल तर सहसा उघड्या डबीचं चित्र छापतात आणि उघडल्यावर किती महिने वापरायचा ते लिहितात. कमी टिकणाऱ्या मालावर तारीखच छापायची.

इकडचे कागद वेगळे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर 2020 च्या नियमांप्रमाणं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. परदेशी पाठवायला आयात-निर्यात संकेतांक हवा. एकट्या गटाला हे जड जातं. आमच्या मते परवाना असलेल्या निर्यातदारामार्फत माल देणं बरं.

पण वही मात्र आपलीच. तारीख, बॅच नंबर, तेल कुठून आणलं, किती ग्रॅम, कास्टिक किती, कोणी घोटलं, वड्या किती निघाल्या. दिवाळीनंतर निम्म्या बाया ऊसतोडीला जातात आणि वही तिथंच थांबते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून कोयता उचलण्याआधी गावात राहणाऱ्या दोघींना वही शिकवून जा. वजनकाटाही त्यांच्याकडंच ठेवा, कारण वाटीच्या मापावर तज्ज्ञ अहवाल देणार नाही.